काका, बाबांचा आवाज गेला नव्हता

प्रिय काकांना,
सादर नमस्कार.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, आणि नाव कुठे लिहू नकोस असंही बजावलंत. म्हणून नाव लिहीत नाही. पण आभार मला चारचौघांत मानायचे आहेत, कारण माझ्यासारख्या आणखी कुणाच्या माळ्यावर अशी कॅसेट पडून असेल तर ती टाकून देण्याआधी त्यांनी हे वाचावं असं मला फार वाटतं.

मामांनी मस्कतहून आणलेलं बाबांचं चार ट्रॅकचं मशीन, म्हणजे एकाच कॅसेटवर चार आवाज वेगवेगळे भरायचं मशीन, यंदा गणपतीनंतर मी खाली काढलं. पट्टा चिघळला होता, तो बदलून घेतला. मशीन फिरलं, पण कॅसेटवर बाबा कुठे तरी लांब, भिंतीपलीकडे गात होते आणि त्यांच्या अंगावर नुसता शूऽऽ आवाज, म्हणजे हिस. आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी पार वर नेली तर शूऽऽ तेवढा वाढला. पट्टा बदलणाऱ्यानं सांगितलं, टेप मेली, टाकून द्या. त्या रात्री मी तुम्हाला फोन केला तेव्हा रडत होते, हे तुम्हाला कळलं असणार. तुम्ही त्याबद्दल काही बोलला नाहीत. तुम्ही विचारलंत, "टेप थांबवलीस की हिस थांबते का?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. थांबवून पाहिलं. थोडा आवाज उरला, बाकीचा टेपबरोबर थांबला. म्हणजे थोडा मशीनमधल्या मिक्सरचा (चार आवाज एकत्र करणाऱ्या भागाचा), मी पट्टी वर नेल्यामुळे आलेला, आणि बराचसा टेपच्या बाजूचा. मग म्हणालात, बाजारातली कुठलीही छापील गाण्यांची कॅसेट घाल, वेग साधा ठेव, डीबीएक्स (हिस दाबणारी मशीनमधली सोय) बंद कर, आणि चारही ट्रॅक एकेक करून ऐक. साध्या कॅसेटच्या ३.८१ मिलिमीटर रुंदीच्या टेपवर दोन ट्रॅक एका बाजूचे आणि दोन दुसऱ्या बाजूचे असतात. हे मशीन चारही ट्रॅक एकाच दिशेने वाचतं, म्हणून तिसऱ्या-चौथ्यावर दुसऱ्या बाजूची गाणी उलटी ऐकू आली. उलटी असली तरी आवाज किती आहे ते कळत होतं: चारही ठिकाणी बारीक आणि बोथट. "मग दुखणं निदान अर्धं तरी मशीनचं आहे. बाबांच्या कॅसेटला आता हात लावू नकोस," म्हणालात. हे वाक्य मी जन्मभर विसरणार नाही. माझी बोटं तोवर त्या कॅसेटचे स्क्रू काढायला निघाली होती.

रविवारी मशीन घेऊन साताऱ्याहून पुण्याला आले. तुम्ही झाकण उघडून आरसा धरलात आणि हेडवरचा, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावरचा, तपकिरी थर मला दाखवलात. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानातल्या कापसाच्या काड्या. चौथी काडी पांढरी निघेपर्यंत तुम्ही थांबला नाहीत. मग हेडची चुंबकीयता उतरवलीत. तेव्हा मशीन बंद, सगळ्या कॅसेटी बाहेरच्या खोलीत, उतरवायचं यंत्र हातभर लांब धरून चालू केलंत, हळू जवळ आणलंत आणि त्याहून हळू मागे घेतलंत. जवळ असतानाच बटण बंद केलं तर उलट चुंबकत्व बसतं, हे तुम्ही दोनदा सांगितलंत.

आणि तो हेडचा स्क्रू! लहानपणी आम्ही सगळेच बारीक पेचकसाने तो फिरवून गाणं खणखणीत करायचो. मी तिकडे बोट नेलं तर तुम्ही माझा हात धरलात. "बाबांनी याच मशीनवर भरलंय ना? मग हेडचा जो कोन तेव्हा होता तोच आता हवा. तो हलवलास तर वरचे सूर गेलेच म्हणून समज." इतकी वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता, हे आमचं नशीब.

छापील कॅसेट आता स्वच्छ वाजली. बाबांची मात्र अजून दबलेलीच. माझा धीर सुटला होता. तुम्ही कॅसेट खिडकीकडे धरलीत आणि हसलात. हेडसमोरची ती छोटी नमद्याची गादी जागेवर नव्हती. गोंद वाळून ती आत पडली होती. टेपला हेडवर दाबून धरणारं काही उरलंच नव्हतं. तुम्ही कागदावर मांडून दाखवलंत: बाबांनी भरलेल्या सेकंदाला ९.५ सेंटिमीटर या, साध्या कॅसेटच्या दुप्पट वेगाला १० किलोहर्ट्झचा सूर टेपवर जेमतेम ९.५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जागा घेतो, आणि टेप हेडपासून एक मायक्रॉन सुटली तरी तो सूर सुमारे ६ डेसिबलनी पडतो, म्हणजे निम्मा होतो. त्यावर डीबीएक्स. भरताना तो आवाजाचा चढउतार निम्मा करतो आणि वाजवताना दुप्पट, त्यामुळे टेपवरून ६ डेसिबल कमी आले तर बाहेर १२ कमी पडतात. डीबीएक्स बंद केला तर हिस उघडी पडते, चालू ठेवला तर बाबा बुडतात. महिनाभर मी याच दोन टोकांमध्ये बटण खालीवर करत बसले होते.

पाच स्क्रूंची रिकामी कॅसेट तुमच्याकडे होती. दोन्ही रिळं उचलून तुम्ही त्या नव्या घरात ठेवलीत. त्या वेळी मला श्वास घ्यायची भीती वाटत होती.

१९९७ च्या पावसाळ्यात बाबांनी एकट्याने चार जणांचं भजन भरलं होतं: पहिल्यावर टाळ, दुसऱ्यावर पेटी, तिसऱ्यावर स्वतःचा आवाज, चौथ्यावर स्वतःचीच झील. दुप्पट वेग आणि एकच दिशा, म्हणून साठ मिनिटांच्या कॅसेटवर पंधराच मिनिटं. टाळ अजूनही मधूनच तुटतात, कारण पहिला ट्रॅक टेपच्या काठाला आणि काठ चुरगळलेला. पण तिसरा ट्रॅक आत, मधल्या भागात होता. तुम्ही बाकीच्या तीन पट्ट्या खाली आणल्यात. आधी बाबा खाकरले. मग पेटीच्या भात्याचा आवाज आला, हेडफोनमधून त्यांच्या माइकमध्ये झिरपलेला, आणि बाबा गायला लागले. अगदी इथे, तुमच्या टेबलापाशी. तुम्ही उठून स्वयंपाकघरात गेलात आणि अभंग संपेपर्यंत बाहेर आला नाहीत. मला तिथे एकटं बसू दिलंत, त्याचे आभार वेगळे मानते.

चारही ट्रॅक तुम्ही सांगितल्याप्रमाणे वेगवेगळे संगणकात उतरवले, हिस काढायचा प्रयत्न न करता. आईने तिसरा ट्रॅक एकटाच ऐकला. मग म्हणाली, झीलही लाव.

अजून तीन कॅसेटी आहेत. एकीची टेप रिळापासून सुटली आहे, मी ती उघडलेली नाही. पुढच्या रविवारी घेऊन येते. आईने कंदी पेढे बांधून ठेवलेत, ते तरी नको म्हणू नका.

तुमची,
साताऱ्याची मुलगी