फटी बुजवण्यातला रोजगार

महोदय,
मी सुतार आहे. दारं-खिडक्या बसवण्यात हयात गेली. घरात गरम किंवा गार वारा शिरतो तो चौकटीभोवतीच्या फटींतून, आणि ऊन उतरतं छतातून. फटींना सीलंट, झडपांना रबरी पट्टी, छताला उष्णतारोधक थर दिला की विजेचं बिल कमी होतं. हे काम दूरच्या कारखान्यात होऊच शकत नाही. चौकट चौकटीसारखी नसते, माप घ्यायला माणूसच लागतो. त्यामुळे मजुरी गावातच राहते आणि हार्डवेअरवाल्याचा मालही खपतो.

अमेरिकेत १९७६ पासून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची घरं सरकारी कार्यक्रमातून अशी सुधारली जातात. तिथे दारात मोठा पंखा बसवून आतल्या हवेचा दाब ५० पास्कलने (पास्कल म्हणजे दाब मोजायचं एकक) कमी करतात. मग फटींतून आत येणारा वारा हाताला सरळ जाणवतो. तपासणीची ही पद्धत मला फार आवडते, कारण अंदाजाने काम करावं लागत नाही.

मात्र हवा खेळती ठेवण्याची सोय न करता घर घट्ट बंद केलं, तर ओल आणि चुलीचा धूर आतच कोंडतो. म्हणून प्रशिक्षण हवंच. प्रशिक्षण संस्थांनी हा विषय सुरू करावा. शिकवायला आम्ही जुने कारागीर आनंदाने येऊ.

– एक सुतार