संघ अंग चोरतोय की अवसान गळालंय? एका सीझन तिकीटधारकाची तक्रार

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी आणि ग्राहक सेवा विभाग,
फुटबॉल क्लबची मालक कंपनी

विषय : मुख्य संघाचा चालू हंगामातला खेळ, सहा गोलांच्या पराभवानंतर कंपनीने काढलेले निवेदन आणि सीझन तिकीट नूतनीकरणाची मुदत याबाबत तक्रार

महोदय,

मी आपल्या क्लबची सीझन तिकीटधारक आहे. घरच्या मैदानावर गोलच्या मागच्या स्टँडमध्ये माझी जागा आहे आणि बाहेरच्या सामन्यांनाही मी जमेल तशी जाते. गेल्या बाहेरच्या सामन्यात आपल्या संघाने सहा गोल खाल्ले. त्यानंतर आपलं निवेदन आलं. खेळाडूंचा आत्मविश्वास सध्या खालावला आहे, त्यांच्या मेहनतीवर शंका घ्यायला जागा नाही कारण ते प्रतिस्पर्ध्यांपेक्षा जास्त अंतर धावले, आणि चाहत्यांनी अशा वेळी नकारात्मकता टाळावी, असं त्यात होतं. त्याच आठवड्यात दुसरा मेल आला : पुढच्या हंगामाचं तिकीट मुदतीत नूतनीकृत करा, नाहीतर जागा दुसऱ्याला दिली जाईल. मी ग्राहक सेवा विभागाकडे तक्रार केली. उत्तर मिळालं की मैदानावरचा निकाल तिकिटाच्या अटींत येत नाही आणि पराभवाबद्दल पैसे परत करण्याची फुटबॉलमध्ये पद्धत नाही. या उत्तराने माझं समाधान झालेलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

संघ हरला म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही. हरणारा संघ मी आधीही पाहिला आहे आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत त्याच्यासाठी ओरडले आहे. या हंगामात जे दिसतंय ते वेगळं आहे, आणि आपलं निवेदन त्यावर पांघरूण घालतंय.

आमच्या स्टँडमध्ये यावरून दर मध्यंतराला वाद होतो. माझ्या डावीकडे बसणारे काका म्हणतात, पोरं पाट्या टाकतायत, पगार चालू आहे तोवर यांना काही फरक पडत नाही. मागच्या रांगेतली एक मुलगी त्यांच्याशी हिरिरीने भांडते. तिचं म्हणणं, यांचं अवसान गळालंय, पाय जड झालेत, आणि आपण हुर्यो केली तर उरलासुरला धीरही जाईल. दोघंही मनापासून बोलतात आणि दोघांकडेही पुरावे आहेत. आपल्या निवेदनाने मात्र या वादातली एक बाजू सोयीने उचलली आणि दुसरी बाजू मांडणाऱ्यांना नकारात्मक ठरवलं. मला त्याचा सगळ्यात जास्त राग आला.

आता सामन्यात काय दिसलं ते सांगते, कारण आपलं निवेदन लिहिणाऱ्याने सामना पाहिला असावा असं वाटत नाही. तिसऱ्या गोलच्या आधी आपल्या लेफ्ट बॅकने, म्हणजे डाव्या बाजूच्या बचावपटूने, मध्यरेषेजवळ चेंडू गमावला. त्याने रेफरीकडे पाहून हात वर केला, फाउल मिळाला नाही, आणि तो चालत परत निघाला. त्याची जागा भरायला सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, बाहेर सरकला. आता मधली जागा मोकळी झाली. ती भरायची जबाबदारी असलेला मिडफिल्डर हळूहळू पळत होता, वेग वाढवावा असं त्याला वाटलंच नाही. बाजूने क्रॉस आला तेव्हा त्यांचा स्ट्रायकर सहा यार्डांवर एकटा उभा होता. गोल झाल्यावर आपल्या अकरा जणांपैकी कोणीही कोणाशी बोललं नाही. कोणी ओरडलं नाही, कोणी कोणाच्या खांद्यावर हात ठेवला नाही. गोलकीपरने जाळ्यातून चेंडू काढला आणि स्वतःच मध्याकडे लाथाडला.

हे पाहून काकांचं म्हणणं खरं वाटेल. पण दुसऱ्या हाफमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. गोलकीपरच्या पायात चेंडू होता, त्याला पास द्यायला माणूस हवा होता. आपला दुसरा सेंटर बॅक झपाझप पळत प्रतिस्पर्धी स्ट्रायकरच्या मागे गेला, म्हणजे अशा जागी, जिथे त्याला पास देताच येणार नाही. तो मेहनत करत होता, पण चेंडू आपल्याकडे येऊ नये यासाठी. फुटबॉल खेळलेल्या कुणालाही हे लपणं ओळखता येतं. चूक होईल, स्टँड ओरडेल, पुन्हा आपलंच नाव येईल, या धास्तीने माणूस चेंडूच टाळतो. आपल्या आकड्यांत त्याची ही धावही मोजली गेली असणार.

म्हणून अंतराचा आकडा पुढे करू नका. वरच्या दर्जाच्या फुटबॉलमध्ये मैदानावरचा खेळाडू एका सामन्यात साधारण 10 ते 12 किलोमीटर धावतो, मिडफिल्डर जास्त आणि सेंटर बॅक कमी. ज्या संघाकडे चेंडू नसतो त्याला चेंडूच्या मागे पळावंच लागतं, त्यामुळे सहा गोल खाणारा संघ जास्त धावला यात नवल काहीच नाही. चेंडू गमावल्यानंतरच्या पहिल्या चार-पाच सेकंदांत किती जण पूर्ण वेगाने पळाले, हा आकडा आपल्याकडे असणारच. तो सांगा. प्रशिक्षक युर्गन क्लॉपच्या डॉर्टमुंड संघाने 2011 आणि 2012 मध्ये लागोपाठ बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची अव्वल लीग, जिंकली ती याच पहिल्या काही सेकंदांच्या जोरावर. तिथे एकाने झडप घातली की बाकीचे त्याच क्षणी पुढे सरकायचे. आपल्याकडे विंगर, म्हणजे कडेने खेळणारा आक्रमक खेळाडू, एकटा झडप घालतो, मागचे जागेवर राहतात, प्रतिस्पर्धी एका पासमध्ये त्याला ओलांडतो आणि तो मूर्ख ठरतो. असं चार वेळा झालं की पाचव्या वेळी तोही पळत नाही. स्टँडमधून तो आळशी दिसतो. प्रत्यक्षात मागचा माणूस आपल्याबरोबर येईल यावरचा त्याचा विश्वास उडालेला असतो. काका आणि ती मुलगी एकाच दुखण्याबद्दल बोलतायत, असं माझं ठाम मत झालंय.

आत्मविश्वास ढासळणं म्हणजे काय हे आम्हाला कळत नाही असं समजू नका. 2014 च्या विश्वचषकात, स्वतःच्या देशात, उपांत्य सामन्यात ब्राझीलने जर्मनीकडून सात गोल खाल्ले. 23 व्या ते 29 व्या मिनिटादरम्यान, म्हणजे अवघ्या सहा मिनिटांत चार गोल झाले. नेमार जायबंदी होता, कर्णधार थियागो सिल्वा निलंबित होता. त्या खेळाडूंना जिंकायचं नव्हतं असं कोण म्हणेल? मनाने हाय खाल्ली की भले भले कोसळतात. पण ती एका संध्याकाळची पडझड होती. आपल्याकडे महिनोन्‌महिने तेच चाललंय, आणि इतका काळ चाललेली गोष्ट खेळाडूंच्या मनःस्थितीवर ढकलून कंपनीला मोकळं होता येणार नाही. संघ कोणी उभा केला, कोणाला विकलं, कोणाला ठेवलं, हे निर्णय कंपनीचेच आहेत.

असं दुर्लक्ष केलं की पुढे काय होतं हे शाल्के या जर्मन क्लबच्या चाहत्यांना विचारा. जानेवारी 2020 ते जानेवारी 2021 या काळात तो संघ बुंडेसलिगात सलग 30 सामने जिंकला नाही. 1965-66 मधल्या तास्मानिया बर्लिनचा 31 सामन्यांचा विक्रम जेमतेम वाचला. 2020-21 च्या एकाच हंगामात पाच प्रशिक्षक झाले आणि शेवटी संघ खालच्या विभागात गेला. याच्या उलट इंग्लंडचा साउथॅम्प्टन. ऑक्टोबर 2019 मध्ये घरच्या मैदानावर लेस्टरने त्यांना 9-0 ने हरवलं. प्रशिक्षक राल्फ हासेनह्युटल यांना क्लबने ठेवलं, खेळाडू आणि प्रशिक्षक मंडळींनी त्या दिवसाचं मानधन क्लबच्या धर्मादाय संस्थेला दिलं. जानेवारीत तोच संघ लेस्टरच्या मैदानावर 2-1 ने जिंकला आणि हंगामाअखेर 11 वा आला. एका दिवसाच्या मानधनाने कोणी फुटबॉल शिकत नाही हे मलाही कळतं. पण झालं ते आमच्यामुळे झालं, एवढं त्यांनी उघडपणे पत्करलं, आणि मग लोक त्यांच्यामागे उभे राहिले. आमचा कर्णधार सामना संपल्यावर मध्यरेषेपर्यंत आला, लांबूनच डोक्यावर हात नेऊन दोनदा टाळ्या वाजवल्या आणि वळला. बाकीचे तेवढेही आले नाहीत. हुर्यो तेव्हा झाली. त्याआधी नाही.

निवेदन लिहिणाऱ्याला हा क्रम माहीत असायला हवा होता. तीन गोल खाल्ल्यावरही आमचा कोपरा गात होता. पाच गोलांनंतर अकादमीतून आलेला बदली मुलगा मैदानात उतरला आणि त्याने कॉर्नर झेंड्यापाशी घसरत जाऊन चेंडू काढून घेतला. चेंडू थ्रो-इनला गेला, बाकी काही घडलं नाही. तरी आमचे सगळे प्रेक्षक उठून उभे राहिले. काकांनी त्याचं नाव घेत घसा बसवला. या लोकांना आपण नकारात्मक म्हणता? प्रेक्षकांचा खेळावर परिणाम होतो हे मला मान्य आहे. 2020 मध्ये महामारीमुळे बुंडेसलिगाचे सामने रिकाम्या मैदानांवर झाले तेव्हा यजमान संघांच्या विजयांचं प्रमाण ठळकपणे घसरलं होतं. आमच्या आवाजाचं मोल इतकं असेल, तर त्या आवाजातली तक्रारही ऐकून घ्यावी लागेल.

पैसे परत करण्याची पद्धत नाही, हे आपल्या विभागाचं म्हणणंही चुकीचं आहे. नोव्हेंबर 2009 मध्ये विगन संघ टॉटनहॅमकडून 9-1 ने हरला तेव्हा विगनच्या खेळाडूंनी तिथे गेलेल्या आपल्या प्रेक्षकांच्या तिकिटांचे पैसे भरून दिले. एप्रिल 2023 मध्ये न्यूकॅसलकडून 6-1 ने हरल्यावर टॉटनहॅमच्या खेळाडूंनीही तेच केलं. दोन्ही वेळा कुठल्या अटीत ते लिहिलं होतं म्हणून केलं नव्हतं.

माझ्या मागण्या सांगते. निवेदनातलं चाहत्यांच्या नकारात्मकतेबद्दलचं वाक्य जाहीरपणे मागे घ्यावं. त्या बाहेरच्या सामन्याला आलेल्यांना तिकिटाचे पैसे परत करावेत, आणि ते कंपनीच्या तिजोरीतून नव्हे तर खेळाडू आणि संचालकांनी आपल्या खिशातून द्यावेत. माझ्या वाट्याची रक्कम अकादमीकडे वळवली तरी माझी हरकत नाही. प्रशिक्षक, कर्णधार आणि खेळाडूंची खरेदी-विक्री पाहणारे संचालक अशा तिघांनी तिकीटधारकांसमोर बसावं. प्रश्न आधी मागवून, निवडून घेतलेली बैठक नको. हात वर करणाऱ्याला माइक मिळाला पाहिजे. कर्णधाराला विचारायचंय की गोल खाल्ल्यावर तुम्ही एकमेकांशी बोलत का नाही. संचालकांना विचारायचंय की मागच्या उन्हाळ्यात संघातला सगळ्यात जास्त बोलणारा सेंटर बॅक विकताना त्याच्या जागी कोण बोलणार, याचा विचार कोणी केला होता का. ही बैठक होईपर्यंत नूतनीकरणाची मुदत पुढे ढकलावी आणि तोवर कोणाचीही जागा काढून घेऊ नये.

यातली शेवटची मागणी सगळ्यात तातडीची आहे. आमच्या रांगेतले काहीजण या वेळी तिकीट सोडण्याच्या विचारात आहेत. तीच माणसं पाच गोलांनंतर त्या मुलासाठी उभी राहिली होती.

मागच्या वेळेसारखं ठरावीक मजकुराचं उत्तर पाठवू नये ही विनंती. नूतनीकरणाच्या सध्याच्या मुदतीपूर्वी, जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीचं लेखी उत्तर मिळावं, आणि वरच्या प्रत्येक मागणीवर त्यात हो किंवा नाही स्पष्ट असावं. नाही असेल तर कारणासह. हे पत्र आणि आपलं उत्तर मी आमच्या स्टँडमधल्या सगळ्यांना वाचायला देणार आहे.

कळावे,

आपली,
गोलमागच्या स्टँडमधली एक सीझन तिकीटधारक

सोबत : सीझन तिकिटाची प्रत, बाहेरच्या सामन्याचं तिकीट, ग्राहक सेवा विभागाचं आधीचं उत्तर