क्लिअर क्रीकच्या ट्रेलसाठी लाल पेन्सिल हाती घेणाऱ्या अभियंता काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

कोलोरॅडोतील गोल्डन शहराच्या पश्चिमेला, क्लिअर क्रीक नदीच्या अरुंद दरीतून पादचारी आणि सायकलस्वार या दोघांसाठी जो ट्रेल टप्प्याटप्प्याने होत आहे, त्याच्या आराखड्यावर आम्हा रहिवाशांना अभिप्राय द्यायचा होता. लेकीकडे विश्रांतीसाठी आलेले असूनही आपण त्यासाठी वेळ काढलात, याबद्दल मनःपूर्वक आभार.

आम्ही नकाशावरची रेघ पाहून खूश होतो. आपण आल्या आल्या आडवे छेद, म्हणजे दरी जागोजागी आडवी कापल्यास कशी दिसेल याची रेखाटने, मागितलेत. एकीकडे कडा, दुसरीकडे पाणी आणि मध्ये, एकोणिसाव्या शतकातील नॅरोगेज रेल्वेच्या मार्गावरून गेलेला यूएस ६ महामार्ग. उरलेल्या पट्टीत १० फुटांचा ट्रेल, दोन्ही कडांना दोन-दोन फूट मोकळी जागा आणि महामार्गापासून ५ फूट अंतर, किंवा ते नसल्यास भक्कम कठडा, हे सारे बसवायचे. प्रत्येक छेदाशेजारी लाल पेन्सिलीने आपण ही बेरीज मांडलीत आणि ती जागेपेक्षा जास्त भरली तिथे वर्तुळ काढलेत.

अशा ठिकाणी ट्रेलला आधार देणारी भिंत जराशी नदीत सरकवावी, असे आमच्यातील बहुतेकांचे मत होते. पात्र आवळले की मे-जूनमध्ये बर्फ वितळून येणारे पाणी अधिक वेगाने धावते, भिंतीचा पाया खरवडते आणि समोरचा काठही कापते, हे आपण महाराष्ट्रातील घाटरस्त्यांवरच्या अनुभवातून समजावलेत. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा म्हणजे आपल्याकडची लाल पूररेषा, एवढे म्हणताच सर्वांच्या ध्यानात आले. पूल टाकून पलीकडच्या काठाने जाणे खर्चिक असले, तरी काही जागी तोच सरळ उपाय आहे, हे त्यानंतर कोणी नाकारले नाही. (पुलांचा खर्च निघाला की एरवी सभेत सगळे घड्याळाकडे पाहू लागतात.)

वळणावर उतारावरून येणाऱ्या सायकलस्वाराला पुढे गळ घेऊन उभे असलेले मूल वेळेत दिसले पाहिजे, म्हणून तिथे आतील बाजू मोकळी ठेवून रुंदी वाढवावी, हा मुद्दा तर सर्वस्वी आपलाच. अभिप्राय रहिवाशांच्या सह्यांनी गेला आणि आपले नाव छापू नये अशी आपलीच इच्छा होती, म्हणून हे ऋण निदान असे जाहीरपणे नोंदवत आहोत.

पुढील टप्प्याचे छेद हाती येताच पुण्याच्या पत्त्यावर पाठवू. मोठ्या कागदावर, आपल्याला हवे तसे.

आपले कृतज्ञ,
गोल्डन परिसरातील मराठी रहिवासी