रोमहून पॉम्पेईला जाताना कासिनोला थांबावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इटलीची सहल करून येणाऱ्या मराठी मंडळींची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे. रोम, फ्लॉरेन्स, पिसाचा मनोरा, व्हेनिसचे कालवे आणि वेळ असेल तर पॉम्पेई, असा त्यांचा साधारण कार्यक्रम असतो. रोमहून पॉम्पेईकडे जाणारा महामार्ग मोन्ते कासिनोच्या डोंगराखालून जातो आणि डाव्या हाताला, उंचावर, तिथला पांढरा मठ लांबूनही दिसतो. सहा वर्षांपूर्वी आम्ही एका सहल कंपनीबरोबर त्याच रस्त्याने गेलो, तेव्हा सोबतच्या मार्गदर्शकाने मठाकडे बोट दाखवून तो संत बेनेडिक्टचा असल्याचे एका वाक्यात सांगितले आणि बस पुढे निघून गेली. त्या डोंगराच्या पायथ्याशी आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या एका माणसाचे नाव संगमरवरात कोरलेले आहे, हे बसमधल्या कोणालाच ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. ते घरी परतल्यावर वाचनात आले आणि तेव्हापासून मनाला लागून राहिले. गेल्या ऑक्टोबरमध्ये मी व माझी पत्नी पुन्हा गेलो, ते मुख्यतः तेवढ्यासाठीच.

ते नाव नाईक यशवंत घाडगे यांचे. माणगाव तालुक्यातील पळसगावचे घाडगे दुसऱ्या महायुद्धात पाचव्या मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. 10 जुलै 1944 रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर (छोट्या तुकडीवर) अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याशिवाय सेक्शनमधला प्रत्येक जवान ठार किंवा जखमी झाला. घाडगे एकटेच मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी ती गन आणि ती चालवणारा सैनिक निकामी केला, आणखी एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला उसंत नाही हे पाहून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने लोळवले. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्यांना वीरमरण आले. त्या वेळी त्यांचे वय 22 वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे शौर्याचे सर्वोच्च पदक देण्यात आले. मात्र त्यांची समाधी कुठे आहे ते ज्ञात नाही, म्हणून ज्यांच्या कबरी वा अंत्यस्थळे ज्ञात नाहीत अशा सैनिकांच्या, कासिनोच्या युद्ध-दफनभूमीतील स्मारकावर त्यांचे नाव आहे.

रोमहून कासिनोला साध्या गाडीने सुमारे दोन तास लागतात. गावात युद्धाच्या इतिहासाचे एक संग्रहालय आहे, ते आधी पाहिले तर पुढचे सारे नीट समजते. जानेवारी ते मे 1944 या काळात जर्मनांच्या ताब्यातला हा डोंगर घेण्यासाठी दोस्त राष्ट्रांनी एकामागून एक चार चढाया केल्या. 15 फेब्रुवारीला विमानांनी मठाचा अक्षरशः ढिगारा केला, गाव तर पुरते बेचिराख झाले, आणि अखेर 18 मे रोजी पोलिश सैनिकांनी मठाच्या अवशेषांवर झेंडा लावला. यातल्या दुसऱ्या व तिसऱ्या चढाईत आपली चौथी भारतीय डिव्हिजन डोंगराच्या उघड्या कड्यांवर झुंजली, तर मे महिन्यात आठव्या भारतीय डिव्हिजनने खालची गारी नदी ओलांडली. हे वाचलेले होते; पण दफनभूमीच्या फाटकात उभे राहून समोरचा तो चढ प्रत्यक्ष पाहिला, तेव्हा रात्रीच्या अंधारात, वरून गोळीबार होत असताना माणसे तिथे कशी चढली असतील याची थोडीशी कल्पना आली.

दफनभूमीत 4,200 हून अधिक कबरी आहेत. कापलेल्या हिरवळीवर सारख्या उंचीच्या शिळा आणि शिळांच्या बुडाशी फुलझाडे. ओळींमधून चालताना एका शिळेच्या माथ्यावर 'ॐ भगवते नमः' ही देवनागरी अक्षरे दिसली आणि पत्नी तिथेच खाली बसली. परदेशात इतके दिवस सगळे काही परक्या लिपीत वाचत आल्यावर ती चार अक्षरे अशा जागी भेटावीत, हे आम्हा दोघांनाही सहन झाले नाही. पुढे, मधोमध, हिरव्या संगमरवराचे स्मारक आहे. त्यावर पलटणींनुसार 4,000 हून अधिक नावे कोरलेली आहेत. मराठा हा शब्द इंग्रजीत त्या काळच्या पद्धतीने, म्हणजे 'मऱ्हाटा' असा उच्चार व्हावा तसा लिहिलेला आहे, त्यामुळे शोधायला थोडा वेळ लागला. सापडल्यावर मी अक्षरांवरून बोट फिरवले. नावापुढे व्हिक्टोरिया क्रॉसची दोन अक्षरे आहेत. आजूबाजूला, ज्यांना कोणतेही पदक मिळाले नाही अशा मराठी आडनावांची रांग आहे, आणि ती वाचतानाच मला अधिक भरून आले.

दफनभूमीत अभ्यागतांसाठी एक वही ठेवलेली असते. मी मागची बरीच पाने चाळली. इंग्रजी, इटालियन, पोलिश मजकूर होता. देवनागरी एक ओळही दिसली नाही. म्हणून आम्ही मराठीत लिहिले, आणि खाली माणगाव, जिल्हा रायगड असे घातले.

ते इंग्रजांसाठी लढले, मग त्यांचे आपण काय घेऊन बसायचे, असे विचारणारे भेटतात. ते युद्ध कोणाचे होते यावर जरूर चर्चा व्हावी. परंतु हिटलरच्या सैन्याशी लढताना पडलेला पळसगावचा 22 वर्षांचा तरुण आपला होता की नव्हता, हा प्रश्नच होऊ शकत नाही. इटलीतील मोन्तोने या गावाला तो आपला वाटला. पेरुजाजवळच्या त्या गावकऱ्यांनी जुलै 2023 मध्ये घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले, आणि आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यासाठी निवडले. इकडे माणगावात त्यांचा पुतळा आहे. महामार्गावरच्या कोंडीत तासन्‌तास अडकणाऱ्या प्रवाशांपैकी किती जणांना तो माहीत असेल, याची मला शंका वाटते.

सहल कंपन्यांना माझी विनंती आहे की रोम ते पॉम्पेईच्या वाटेवर कासिनोसाठी दीड-दोन तास राखावेत. एखाद्या दुकानासमोर थांबण्यात जाणारा वेळ तेवढाच असतो. उत्तरेकडे जाणाऱ्यांना फोर्ली येथील भारतीय सैन्याची दफनभूमी, तर आड्रियाटिक किनाऱ्याकडे जाणाऱ्यांना सांग्रो नदीजवळचे, दहन झालेल्या भारतीय सैनिकांचे स्मारक पाहता येईल.

दुसरी विनंती वाचकांना आहे. कोकणात, साताऱ्यात, नगर जिल्ह्यात अनेक घरांतल्या जुन्या ट्रंकांमध्ये तांबड्या-पांढऱ्या-हिरव्या फितीचे, ताऱ्याच्या आकाराचे एक पदक पडून असेल. ते 'इटली स्टार' आहे, आणि ज्याला ते मिळाले तो त्या युद्धात बहुधा इटलीच्या आघाडीवर होता. त्याच्याबरोबर गेलेला घरातला वा गावातला कोणी परतला नसेल, तर या युद्ध-दफनभूमी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर त्याचे नाव विनामूल्य शोधता येते. अनेक नोंदींत वडिलांचे किंवा पत्नीचे नाव आणि गावही दिलेले असते. मात्र गावांची व माणसांची स्पेलिंगे इंग्रज कारकुनाच्या कानाला ऐकू आली तशी आहेत आणि रायगडच्या जागी कुलाबा लिहिलेले आहे, तेव्हा एकदा शोधून थांबू नये, तीन-चार तऱ्हेने लिहून पाहावे.

आपला नम्र,
एक वाचक, माणगाव, जि. रायगड