विजय, बाळाचं नाव ‘स्मरण’ नको

भांडुप, मुंबई

प्रिय विजय,

सप्रेम जय ख्रिस्त.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. फोनवर मागे बाळ रडत असतं, तुला धड बोलता येत नाही, आणि मला जे सांगायचंय ते दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. आधी मनापासून अभिनंदन. वहिनींची तब्येत सुधारतेय, बाळ नीट दूध पितंय, हे वाचून फार बरं वाटलं.

आता नावाचं. तुझ्या बाबांना, म्हणजे आमच्या काकांना, जाऊन दोन-तीन महिनेसुद्धा झाले नाहीत आणि घरात मुलगा आला. त्यांची आठवण राहावी म्हणून ‘स्मरण’ ठेवावं, असं तुझ्या मनात आहे. का आहे ते मला कळतं. पवित्र शास्त्रातल्या निम्म्या गोष्टी मला काकांनीच शिकवल्या, संडे स्कूलच्या त्या लाकडी बाकावर. म्हणूनच सांगतो, हे नाव ठेवू नकोस.

बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा ३५ वा अध्याय काढ. राहेल वाटेतच बाळंत होते, प्राण जाता जाता मुलाचं नाव बेनओनी ठेवते, म्हणजे माझ्या दुःखाचा मुलगा. याकोबाची ती जिवापाड आवडती बायको, तिचा शेवटचा शब्द. तरीही याकोब ते नाव राहू देत नाही, मुलाला बन्यामीन म्हणतो, म्हणजे उजव्या हाताचा मुलगा. लहानपणी मला हा कठोरपणा वाटायचा. आता वाटतं, बापाने त्या क्षणी पोरासाठी याहून मोठं काही करणं शक्य नव्हतं. त्याने राहेलीसाठी थडग्यावर स्तंभ उभारला, शोक केला, पण तो शोक मुलाच्या नावावर चढवला नाही. तुझ्या मुलाला शाळेत कुणी विचारलं, ‘स्मरण कुणाचं रे?’ तर प्रत्येक वेळी त्याला एका मृत्यूपासून सुरुवात करावी लागेल, आणि तीही न पाहिलेल्या माणसाच्या.

काकांचंच नाव द्यायचं म्हणशील, तर काकूंना त्या नावाने रोज हाक मारणं झेपेल का, हे आधी त्यांनाच विचार. लूकच्या पहिल्या अध्यायात शेजारीपाजारी आणि नातेवाईक जखऱ्या-अलीशिबेच्या बाळाला बापाचंच नाव द्यायला बसले होते. अलीशिबा ठाम राहिली: नाही, याचं नाव योहान. जखऱ्याने पाटीवर तेच लिहून दिलं. घरात त्या नावाचं कुणी नव्हतं म्हणून काही बिघडलं नाही.

मला सुचलेलं नाव ओबेद. रूथच्या पुस्तकातला शेवटचा अध्याय काकूंना वाचून दाखव. नामी मवाबात नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून बेथलेहेमात परतते. मला नामी म्हणू नका, मारा, म्हणजे कडू, म्हणा, असं ती बायकांना सांगते, इतकं तिचं मन कडू झालेलं. मग तिच्या सुनेला, रूथला, मुलगा होतो. नामी त्याला उराशी धरते, त्याची दाई होते. आणि गंमत बघ, या बाळाचं नाव शेजारणी ठेवतात! नामीला मुलगा झाला, म्हणतात आणि त्याला ओबेद म्हणून हाक मारतात. पुढे त्याचा मुलगा इशाय, इशायाचा दावीद. मत्तयाच्या पहिल्या अध्यायातल्या येशूच्या वंशावळीतही तो आहे. तुमच्या भायखळ्याच्या चाळीतल्या मावश्यांनी एव्हाना बाळाला पाच-सहा नावं ठेवलीही असतील. शोकात बसलेल्या आजीच्या मांडीवर आलेलं बाळ, हे तुमच्या घरात आत्ता घडतंय. ओबेदचा अर्थ सेवक, भक्ती करणारा. काका चर्चच्या मंडळीत आयुष्यभर काय करत आले, ते मी तुला वेगळं सांगायला नको.

वहिनींना मराठी नाव हवंय, ‘अभिषेक’ किंवा ‘प्रसाद’, हे तू लिहिलंस. त्यांचं म्हणणं अजिबात चुकीचं नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि ते शेवटपर्यंत नारायण वामनच राहिले. पंडिता रमाबाईंना अख्खा महाराष्ट्र रमाबाई म्हणूनच ओळखतो. आपला विश्वास नावाच्या परकेपणावर टिकलेला नाही. अभिषेक ठेवलंत तरी मला आनंदच होईल. ख्रिस्त म्हणजे तरी अभिषिक्तच. फक्त ओबेद मराठी नाही, एवढं मात्र वहिनींनी म्हणू नये. भायखळ्याहून दोन स्टेशनं पुढे उतरलं की मशीद बंदर. तिथलं बेने इस्राएलांचं, म्हणजे मराठी ज्यूंचं, सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) १७९६ साली शमुवेल इझिकेल दिवेकरांनी स्थापन केलं, आणि याच शमुवेलला लोक सामाजी हासाजी म्हणायचे. कोकणातून आलेल्या त्या मराठी बोलणाऱ्या माणसांनी शास्त्रातली नावं केव्हाच घरची करून टाकली होती. तुझ्या ओबेदचाही आठवड्याभरात ओबा नाहीतर ओबू होईल, बघशील.

एक गोष्ट आधीच सांगतो. नागपाड्याच्या बाजूला पुष्कळजण त्याला उबेद समजतील. समजू देत. अरबीतलं उबेद आणि हिब्रूतलं ओबेद एकाच मुळातून आलेत, अर्थही जवळजवळ तोच. खालच्या मजल्यावरच्या चाचांना हे नाव पहिल्या झटक्यात उच्चारता येईल, याचा मला तर आनंदच आहे.

हॉस्पिटलच्या फॉर्मची घाई करू नकोस. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण नावाचा रकाना तूर्त रिकामा ठेवता येतो. वर्षाच्या आत नाव घातलं तर विलंब शुल्क लागत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावानंतर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं, मग आडनाव. तेव्हा मोठ्याने म्हणून बघ: ओबेद सुनीता विजय. जिभेवर छान बसतं. इंग्रजी स्पेलिंग मात्र पहिल्याच दिवशी पक्कं करा, नंतर आधार आणि शाळेच्या दाखल्यात फार त्रास होतो.

तुमच्या घरच्या बायबलमध्ये जुन्या आणि नव्या कराराच्या मधल्या कोऱ्या पानावर काकांनी लिहिलेल्या नोंदी मी पाहिल्यात. निळ्या-काळ्या शाईत, रेघा पट्टीने ओढलेल्या: नाव, जन्म, बाप्तिस्मा. तुझा जन्म आहे, तुझ्या ताईचा आहे, आणि सगळ्यात खाली तुमच्या लग्नाची तारीख. काकांच्या जाण्याची नोंद अजून कुणी केली नसेल तर ती तू कर. बाळाची ओळ मात्र काकूंकडून लिहून घे. अक्षर वेडंवाकडं येतं म्हणून त्या नको म्हणतील, तरी ऐकू नकोस.

नाव तुम्ही दोघांनी ठरवायचंय, माझं मत मी दिलं. बाप्तिस्म्याच्या रविवारी पाळकसाहेब बाळाचं नाव विचारतील तेव्हा वहिनींनीही न अडखळता सांगावं, त्यांचं मन नसेल तर ओबेदचा आग्रह मी सोडून देतो. बाप्तिस्म्याची तारीख ठरली की आधी कळव, मला ड्युटी बदलून घ्यावी लागेल. काकूंना सलाम, वहिनींना जय ख्रिस्त आणि बाळाला माझ्याकडून एक पापा.

तुझाच,
सुशील