‘सर्वसमावेशक’ व्हाउचर असूनही काउंटरवर भरावे लागलेले ५८७ डॉलर : परताव्याची मागणी

लेस्टर, इंग्लंड
९ जून २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे

विषय : अमेरिकेतील भाड्याच्या गाडीचे व्हाउचर चुकीच्या देशाच्या दराने दिल्याबद्दल तक्रार

महोदय,

माझे बंधू व वहिनी (राहणार कोथरूड) आणि मी व माझे यजमान अशा चौघांच्या कॅलिफोर्निया-नेव्हाडा प्रवासाची हॉटेले आणि गाडी गेल्या फेब्रुवारीत आपल्या कोथरूड शाखेतून आरक्षित केली. पैसे भावाने रुपयांत भरले. गाडी मी चालवणार हे पहिल्याच ईमेलमध्ये लिहिले होते. मी ब्रिटिश नागरिक आहे, लेस्टरला राहते आणि माझे लायसन्स डीव्हीएलएचे, म्हणजे ब्रिटनच्या वाहन परवाना संस्थेचे आहे. ते पुढून-मागून स्कॅन करून पाठवले, त्यावर आपल्या प्रतिनिधींचे ‘मिळाले मॅडम, परफेक्ट’ असे उत्तरही आले. हा सगळा पत्रव्यवहार सोबत जोडला आहे, तो आधी वाचावा अशी विनंती, कारण माझ्या आधीच्या तक्रारीला आलेल्या २८ मेच्या आपल्या उत्तरावरून तो कोणी उघडून पाहिलेला दिसत नाही.

मे महिन्याच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरलो, एअरट्रेन या विमानतळाच्या अंतर्गत गाडीने भाड्याच्या गाड्यांच्या इमारतीत गेलो आणि रांगेत उभे राहिलो. काउंटरवरच्या बाईंनी आपण दिलेले ‘सर्वसमावेशक’ व्हाउचर (विम्यासकट आगाऊ पैसे भरल्याचा कागद) पाहिले, माझे लायसन्स हातात घेतले, पुन्हा व्हाउचर पाहिले. मग पेनाने कागदावरच्या एका ओळीभोवती गोल काढला आणि कागद माझ्याकडे फिरवला. चालकाचा वास्तव्याचा देश : भारत. लायसन्सवर पत्ता लेस्टरचा. बाई सभ्य होत्या, आवाजही चढवला नाही, पण हा दर भारतात राहणाऱ्या चालकासाठी आहे आणि त्यातला विमा तुम्हाला लागू होणार नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितले.

आपल्या उत्तरात ही ‘किरकोळ तांत्रिक नोंद’ असल्याचे म्हटले आहे. या धंद्यात ती किरकोळ नाही, आणि हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असायला हवे. अमेरिकन माणूस गाडी भाड्याने घेतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या गाडीची पॉलिसी तिथेही चालते, म्हणून तिथला साधा दर विम्याशिवाय असतो. बाहेरून येणाऱ्या पर्यटकाकडे अशी पॉलिसी नसते. त्याच्यासाठी गाडीच्या नुकसानीचे आणि तिसऱ्या पक्षाच्या (अपघातात आपल्यामुळे इजा किंवा नुकसान झालेल्या दुसऱ्या माणसाच्या) भरपाईचे संरक्षण धरून वेगळा दर काढतात, आणि तो दर चालक कुठल्या देशात राहतो यावर ठरतो. म्हणूनच बुकिंगच्या पडद्यावर तारखांच्या आसपासच वास्तव्याचा देश विचारलेला असतो. पैसे पुण्यातून आले म्हणून आपल्या माणसाने तिथे भारत निवडून टाकला. चालवणार कोण, हे विचारायचीसुद्धा गरज नव्हती. लायसन्स त्यांच्या ईमेलमध्ये पडून होते.

आता ‘काउंटरवर विमा घेणे हा ग्राहकाचा ऐच्छिक निर्णय होता’ या आपल्या वाक्याबद्दल. काउंटरवाले नको असलेला विमा गळ्यात मारतात हे ब्रिटनमधून सुट्टीला जाणाऱ्या पोरासोरालाही माहीत आहे. मी नकार द्यायच्या तयारीनेच गेले होते. पण नकार तेव्हा देता येतो जेव्हा हातात दुसरे काही असते. व्हाउचरमधला विमा गेल्यावर माझ्याकडे काय उरले? कॅलिफोर्निया राज्याची किमान मर्यादा, जी या १ जानेवारीला वाढली तरी एका जखमी व्यक्तीमागे ३०,००० डॉलर, एका अपघातामागे ६०,००० आणि मालमत्तेसाठी १५,००० एवढीच आहे. मी ज्या देशात गाडी चालवते तिथे तिसऱ्या पक्षाच्या इजेसाठी सक्तीच्या विम्याला वरची मर्यादाच नाही आणि मालमत्तेसाठी ती बारा लाख पौंड आहे. अमेरिकेतल्या इस्पितळांची बिले कशी असतात हे सांगायला नको. मागच्या सीटवर पुण्याहून आलेले भाऊ-वहिनी बसलेले, स्टिअरिंग डाव्या हाताला, गाड्या रस्त्याच्या उजवीकडून, आणि एका जखमी माणसामागे संरक्षण म्हणून तीस हजार डॉलर. अशा वेळी गाडीचे नुकसान आणि तिसरा पक्ष असे दोन्ही विमे माझ्या क्रेडिट कार्डावर घेतले. ५८७ डॉलर ४० सेंट. पावती सोबत आहे. याला ऐच्छिक म्हणायचे असेल तर आपली मर्जी.

त्याआधी आपल्या ‘२४ तास’ मदत क्रमांकावर फोन केला होता. सॅन फ्रान्सिस्कोत संध्याकाळचे पाच, म्हणजे पुण्यात पहाटेचे साडेपाच. कार्यालय सकाळी दहाला उघडेल असे ध्वनिमुद्रित उत्तर आले. आमच्या मागे रांग वाढत होती, वहिनींचे पाय प्रवासाने सुजले होते, आणि साडेचार तास तिथे बसून राहणे कुणालाच शक्य नव्हते. २४ तास हा शब्द माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत आहे. तो एक तर खरा करावा नाही तर काढून टाकावा.

टोलचेही असेच. ‘टोलची काळजी नको, सगळं पॅकेजमध्ये आहे’ हे आपल्या प्रतिनिधींचे १८ मार्चच्या ईमेलमधले शब्द आहेत. गोल्डन गेट पुलावर २०१३ पासून रोख टोल घेत नाहीत, नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि बिल गाडीच्या मालकाकडे जाते. टोलही फक्त शहरात शिरताना, दक्षिणेकडे येताना लागतो. पुलापलीकडचे म्यूर वुड्सचे जंगल बघून परत येताना आम्ही तो एकदा ओलांडला. खरा टोल साधारण दहा डॉलर. पण गाडीच्या कंपनीने तिच्या टोलसेवेचे रोजचे शुल्क गाडी ताब्यात होती त्या प्रत्येक दिवसासाठी लावले. डेथ व्हॅलीत होतो त्या दिवसाचे आणि लास व्हेगासचेही, जिथे टोलचा रस्ता औषधालाही सापडत नाही. कराराच्या बारीक अक्षरांत तसे लिहिलेले आहे, म्हणून मी गाडीच्या कंपनीशी भांडत बसले नाही. पण पॅकेजमध्ये आहे असे लिहून दिले आपण. तेव्हा ते ७४ डॉलर ५ सेंट आपल्याकडेच मागते.

आणि आता आपण छापून दिलेली दिवसवार आखणी. योसेमिटीतून टायोगा खिंडीने पलीकडे ली व्हायनिंगला मुक्काम, दुसऱ्या दिवशी डेथ व्हॅली. नकाशावर फार सुरेख दिसते. टायोगा खिंड ३,०३१ मीटर उंचीवर आहे आणि तो रस्ता साधारण नोव्हेंबरपासून मेअखेर किंवा जूनपर्यंत बर्फामुळे बंद असतो. २०२३ मध्ये तर जुलै संपत आला तेव्हा उघडला. ही गुप्त माहिती नाही, योसेमिटी उद्यानाच्या संकेतस्थळावर दिलेली आहे. आम्हाला मेच्या पहिल्या पंधरवड्यात त्या रस्त्यावर पाठवणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे झाले. योसेमिटीतल्या रेंजरने मान हलवून फाटक बंद असल्याचे सांगितले, तेव्हा सिएरा पर्वताला दक्षिणेकडून वळसा घालायचे ठरले : फ्रेझ्नो, मग ९९ नंबरच्या महामार्गाने ट्रकांच्या ओळींमधून बेकर्सफील्ड, दुसऱ्या दिवशी टेहाचापीचा घाट उतरून मोहावी आणि तिथून वर डेथ व्हॅली. ली व्हायनिंगच्या खोल्यांचे पैसे बुडाले, बेकर्सफील्डला महामार्गालगतच्या मोटेलमध्ये नव्याने भरले. यजमान म्हणाले, निदान संत्र्यांच्या बागा तरी दिसल्या. ते तसेच आहेत. मी मात्र दोन्ही मोटेलांच्या पावत्या जोडल्या आहेत.

त्याच आखणीत डेथ व्हॅलीच्या दिवसापुढे ‘सरकणाऱ्या दगडांचे मैदान, जरूर पाहा’ असे लिहिले आहे. त्या मैदानाला, म्हणजे रेसट्रॅक प्लायाला जायला सुमारे २७ मैलांचा टोकदार खडीचा कच्चा रस्ता आहे. आपण दिलेल्या गाडीच्या करारात डांबरी रस्ता सोडला तर विमा रद्द, असे कलम आहे. म्हणजे आपल्या एका कागदावर ‘जरूर पाहा’ आणि दुसऱ्या कागदावर ‘गेलात तर भोगा’. करार आदल्या रात्री मोटेलमध्ये वाचला, म्हणून आम्ही बॅडवॉटरची मिठागरे पाहूनच समाधान मानले. टायर फाटून, फोनला रेंज नसलेल्या जागी, तेही ज्या विम्यासाठी दोनदा पैसे मोजले तो रद्द होऊन अडकलो असतो, तर हे पत्र वेगळे असते.

माझ्या मते सगळ्यात गंभीर बाब मात्र पैशांची नाही. आपल्या ‘अमेरिकेत गाडी चालवताना’ या दोन पानी पत्रकात गोल चौकात ‘उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे’ असे छापले आहे. हा नियम ब्रिटनचा. अमेरिकेत गाड्या चौकाभोवती घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात, म्हणजे आत शिरताना वाहने डावीकडून येतात आणि थांबायचे त्यांच्यासाठी. ब्रिटनच्या दौऱ्याचे पत्रक उचलून वरचे शीर्षक बदललेले दिसते. कारण ज्या गोष्टी अमेरिकेतच भेटतात त्यांचा त्यात पत्ता नाही. चारही बाजूंना थांब्याची पाटी असलेल्या चौकात जो आधी येऊन थांबला तो आधी निघतो, हे नाही. लाल दिवे लुकलुकवत उभ्या असलेल्या शाळेच्या बसपाशी, मध्ये दुभाजक नसेल तर बहुतेक ठिकाणी समोरून येणाऱ्यालाही थांबावे लागते, हे नाही. लाल सिग्नलला पूर्ण थांबून, पाटीने मनाई नसेल तर, उजवीकडे वळता येते, याबद्दल तर ‘सक्त मनाई’ लिहिले आहे. पेट्रोल पंपावरचे यंत्र अमेरिकन पिनकोड मागते आणि आपले कार्ड नाकारते, मग आत जाऊन आगाऊ पैसे भरायचे, एवढी साधी गोष्टही नाही. मला बरेचसे माहीत होते. पुण्याहून पहिल्यांदा जाणारा माणूस मात्र हेच पत्रक पाठ करून जाणार. पैसे परत करा अथवा न करा, ते पत्रक आजच्या आज मागे घ्या.

जाता जाता एवढेच की माझ्याकडे आपल्या प्रतिनिधींनी लायसन्सचा ‘कागदी भाग’ तीन-तीनदा मागितला. तो ब्रिटनमध्ये ८ जून २०१५ पासून रद्द झाला आहे. कागदपत्रांची यादी दहा वर्षे कुणी बदललेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

माझ्या मागण्या अशा. काउंटरवरच्या विम्याचे ५८७ डॉलर ४० सेंट आणि टोलसेवेचे ७४ डॉलर ५ सेंट पूर्ण परत मिळावेत. ली व्हायनिंगच्या दोन खोल्यांचे आपण आकारलेले पैसे परत मिळावेत आणि बेकर्सफील्डच्या मुक्कामाचा खर्चही मिळावा. पेट्रोलचे मी मागत नाही. रक्कम ज्या दिवशी भराल त्या दिवशीच्या दराने रुपयांत, ज्या खात्यातून मूळ पैसे आले त्या भावाच्या खात्यात जमा करावी. ‘पुढील प्रवासावर १० टक्के सवलत’ हा आपला प्रस्ताव मला मान्य नाही.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर भाऊ राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवतील आणि त्यानंतर पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातील. सेवा त्यांनी विकत घेतली आहे, ते पुण्यातच राहतात, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो तिथल्या आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे आणि ते नुकतेच निवृत्त झाले आहेत, तेव्हा वेळ त्यांच्याकडे भरपूर आहे.

उत्तर ईमेलने मला आणि भावाला, दोघांनाही पाठवावे. कृपया फोन करू नये. मागच्या वेळी फोनवर जे ठरले ते दुसऱ्या दिवशी आपल्याकडे कुणालाच आठवत नव्हते.

आपली,
(सही)

सोबत : व्हाउचर, लायसन्स पाठवल्याचे व त्यावरचे ईमेल, काउंटरची पावती, टोलचे बिल, दोन्ही मोटेलांच्या पावत्या, दिवसवार आखणी आणि ‘अमेरिकेत गाडी चालवताना’ पत्रकाची प्रत (चुकीची वाक्ये अधोरेखित केली आहेत)