आधीची फिल्म आहे का?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माझी आई ८१ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी देवापुढे दिवा लावला की नाही, हे ती पुन्हापुन्हा जाऊन पाहू लागली, नातवाला मामाच्या नावाने हाक मारू लागली, तेव्हा आम्ही तिच्या मेंदूचा एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये 'वयानुसार आकुंचन' एवढेच होते. डॉक्टरांनी विचारले, "आधीची फिल्म आहे का?" कुठून असणार? चालत्याफिरत्या माणसाचा एमआरआय कोण काढून ठेवतो?

तो प्रश्न माझी पाठ सोडत नाही. आठवणी साठवण्यात मोठा वाटा असलेला मेंदूतला भाग, हिप्पोकॅम्पस, आता आकसला की मुळातच लहान होता, हे एका फिल्मवरून सांगणे कठीण. त्याच माणसाचा स्कॅन काही वर्षांनी पुन्हा काढला, तरच झीज कळते. आणि 'वयानुसार' म्हणजे कोणाच्या? संशोधनात तुलनेसाठी जगभर वापरला जाणारा नमुना-मेंदू माँट्रियलमध्ये १५२ निरोगी, बहुतांश तरुण माणसांच्या स्कॅनवरून तयार झाला. हैदराबादच्या आयआयआयटीने २०१९ मध्ये १०० भारतीयांच्या स्कॅनवरून नकाशा केला, तेव्हा आपला मेंदू सरासरीने लहान निघाला. तेही तरुणच होते. आपल्या म्हाताऱ्या माणसांचे माप अजून नीट घेतलेलेच नाही.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या एका उपनगरात १९९० पासून त्याच रहिवाशांना पुन्हापुन्हा तपासण्याचा असा पाठपुरावा चालू आहे; २००५ पासून त्यात मेंदूचा एमआरआयही आला. तिथल्या २,००० जणांचे स्कॅन तपासले, तर ७.२ टक्के लोकांच्या मेंदूत रक्तपुरवठा तुटल्याच्या खुणा होत्या आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता! हे लोक दवाखान्यात आलेले रुग्ण नव्हते; चालत्याफिरत्या माणसांचे स्कॅन काढले, म्हणून तर हे समजले. आपल्याकडे रक्तदाबाची गोळी 'बरं वाटतंय' म्हणून बंद करणारे घरोघरी आहेत. त्यांच्या मेंदूत काय चालले असेल?

हे फक्त श्रीमंत देशांनाच जमते असेही नाही. शेजारच्या कर्नाटकात, कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूरच्या खेड्यांत, बेंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चने ४५ वर्षांवरील १०,००० ग्रामस्थांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे. स्मरणाच्या चाचण्या, रक्त, एमआरआय, सगळे त्यात आहे. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. त्यात बायकांचे आणि खेड्यांतल्यांचे प्रमाण जास्त. मग महाराष्ट्रात असा एकतरी तालुका का नसावा?

शिबिर नको. शिबिरात बीपी, शुगर बघतात, मंडप उतरतो, संपले. नाशिकचे आरोग्य विद्यापीठ आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांनी एक ग्रामीण तालुका निवडावा, तीच माणसे वीस वर्षे पाहावीत, स्मरणाच्या चाचण्या निरक्षर आजीलाही देता येतील अशा मराठीत कराव्यात, आणि स्कॅनमध्ये काही सापडले तर उपचाराची सोय आधीच ठरवून ठेवावी. हे शेवटचे नसेल, तर लोकांनी मशीनमध्ये का झोपावे?

मी ५८ वर्षांची आहे. आमच्या तालुक्यात असा अभ्यास सुरू झाला, तर पहिल्याच दिवशी नाव देईन. माझ्या मुलीला तरी माझी आधीची फिल्म दाखवता येईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सातारा